दगडाला चिकटलेलं अंडं

ओहोटीला दगड उलटायचे आणि पाहून झालं की जसे होते तसेच परत ठेवायचे. किनाऱ्यावर मुलांना नेणारा प्रत्येक शिक्षक हा नियम पहिल्या दिवशी सांगतो. टोडफिशच्या दगडाला तो सगळ्यात जास्त लागू पडतो, कारण या माशाची अंडी दगडाच्या खालच्या अंगाला, म्हणजे घरट्याच्या छताला चिकटलेली असतात. दगड चुकून पालथा ठेवला की छताची जमीन होते. अंड्यांवर गाळ बसतो, खेकड्यांना आयती मेजवानी मिळते, आणि राखण करणारा नर खाली मोकळ्या खड्ड्यात बसून राहतो.

हा मासा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. लांबीला साधारण वीतभर ते फूटभर. डोकं चपटं आणि भलंमोठं, तोंडाभोवती कातडीच्या झालरी, अंगाला खवले नाहीत, नुसता बुळबुळीतपणा. भेकासारखा दिसतो म्हणून टोडफिश. शिंपले फोडणारा जबडा आहे, कल्ल्यांवर आणि पाठीवर टोकदार काटे आहेत, त्यामुळे दगडाखाली न बघता हात घालायचा नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नर एखाद्या दगडाखाली, फळकुटाखाली, अगदी फेकलेल्या डब्यातसुद्धा जागा धरतो आणि बोटीच्या भोंग्यासारखा आवाज काढून मादीला बोलावतो. मादी आत येते, उलटी होऊन छताला अंडी डकवते आणि निघून जाते. पुढचं सगळं नराकडे. तो पर हलवून अंड्यांवर पाणी खेळवत राहतो, गाळ साचू देत नाही, आणि ओहोटीत घरटं उघडं पडलं तरी हलत नाही. अंड्यातून बाहेर आलेली पिल्लंही लगेच सुटत नाहीत. पोटाखालच्या बलकाच्या पिशवीने ती दगडालाच धरून राहतात आणि बलक संपत आला की मगच पोहायला लागतात.

एकेक अंडं ५ मिलिमीटरच्या आसपास. माशांच्या मानाने हे फार मोठं. कॉडसारख्या माशांच्या, समुद्रात तरंगणाऱ्या अंड्यांचा व्यास दीडेक मिलिमीटरच असतो. टोडफिशच्या अंड्याच्या एका टोकाला चिकट चकती असते आणि तिच्यामुळे ते दगडावर घट्ट बसतं. या चकतीला एका शिक्षिकेच्या आयुष्यात काय महत्त्व होतं, ते सांगण्यासारखं आहे.

१८८८च्या जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल या गावी मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरी उघडली. लाकडी, दुमजली इमारत. पहिल्या सत्राला आलेली माणसं एका छोट्या वर्गात मावतील एवढीच. त्यांत कॉर्नेलिया मारिया क्लॅप होत्या. वय ३९, आणि शिकवण्याचा अनुभव सोळा-सतरा वर्षांचा. प्रयोगशाळेचे पहिले संचालक चार्ल्स ओटिस व्हिटमन यांनी त्यांना टोडफिशच्या अंड्यांची वाढ अभ्यासायला सुचवलं. क्लॅपबाई (मराठीत लिहिताना शिक्षिकेला बाईच म्हणावंसं वाटतं) त्या माशाला पुढची कितीतरी वर्षं सोडून हलल्या नाहीत.

त्या काळी भ्रूणशास्त्रात एका प्रश्नावर जोरात वाद चालू होता. फलित अंड्याचे पहिल्यांदा दोन भाग होतात, तेव्हा पडणारी ती पहिली चीर पुढच्या प्राण्याची डावी-उजवी बाजू ठरवते का? जर्मनीत विल्हेल्म रू यांनी बेडकाच्या अंड्यांवर काम करून, ठरवते, असं म्हटलं होतं. १८८८ मध्येच त्यांनी दोन पेशींच्या अवस्थेत एक पेशी तापल्या सुईने मारली आणि उरलेल्या पेशीतून अर्धा भ्रूण वाढलेला दाखवला. म्हणजे प्राण्याचा नकाशा पहिल्या चिरेपासूनच आखलेला असतो, असं चित्र उभं राहिलं. चित्र सुबक होतं आणि पुष्कळांना पटलंही होतं.

माशाच्या अंड्यावर हे तपासायचं तर अडचण अशी की बहुतेक सागरी माशांची अंडी पाण्यात तरंगतात आणि गरगर फिरतात. आज दिसलेली चीर आणि काही दिवसांनी उमटलेला भ्रूणाचा अक्ष (डोक्यापासून शेपटीपर्यंतची रेषा) यांचा एकमेकांशी कोन किती, हे सांगायला खूणच उरत नाही. टोडफिशचं अंडं मात्र दगडाला चिकटलेलं. उत्तर कुठे, दक्षिण कुठे, हे पहिल्या दिवशी जसं होतं तसंच शेवटच्या दिवशीही राहतं. प्रश्नाला नेमका हवा होता तो प्राणी वुड्स होलच्या उथळ पाण्यात, दगडाखाली बसलेला होता. त्याला अचूक हेरण्याचं श्रेय व्हिटमन यांना जातं. पण दिवसच्या दिवस त्याच्यासमोर बसायला जी चिकाटी लागली ती बाईंची.

अशा कामात नेमकं काय करावं लागतं, हे थोडं तपशिलात सांगायला हवं, कारण सगळी कसोटी तिथेच असते. अंडी दगडावरून सोलून काढायची नाहीत. चकती फाटते, बलक वाहून जातो आणि अंडं तासाभरात पांढरं पडतं. आणायचा तो अख्खा दगड किंवा अख्खं फळकूट, तेही पाण्याखालीच बादलीत सरकवून. प्रयोगशाळेत तो हौदात ठेवताना अंड्यांची बाजू खालीच राहिली पाहिजे. नर आता पाणी खेळवायला नाही, म्हणून वाहत्या समुद्राच्या पाण्याची धार मंद पण सतत हवी. धार जोरात सोडली की अंडी सुटतात, बंद पडली की गाळ बसून ती गुदमरतात. मेलेलं अंडं दिसताक्षणी चिमट्याने काढायचं, नाहीतर बुरशी आणि जिवाणू शेजारच्या अंड्यांवर जातात.

निरीक्षणाची वेळ आली की दगड उलटा करून उथळ पाण्यात धरायचा आणि निवडलेल्या प्रत्येक अंड्याला क्रमांक देऊन त्याची जागा कागदावर उतरवायची. पहिली चीर दिसली की तिची दिशा दगडावरच्या एका ठरावीक रेषेच्या संदर्भात लिहायची. पहिली आणि दुसरी चीर एकमेकींना काटकोनात असतात. बघायला थोडा उशीर झाला आणि चार पेशी झालेल्या असल्या, की पहिली कोणती आणि दुसरी कोणती हे ओळखता येत नाही. असं अंडं यादीतून काढून टाकायचं, अंदाजाने ठेवायचं नाही. मधल्या दिवसांत पुन्हा पुन्हा रेखाटनं काढायची, म्हणजे कवचाच्या आत अंडं फिरलं असलं तर तेही पकडता येतं. शेवटी भ्रूणाचं डोकं-शेपूट दिसू लागलं की तो अक्ष त्याच कागदावर, त्याच रेषेशी जुळवून काढायचा. कामाला लागतं ते भिंग, पेन्सिल, कागद आणि रात्री-अपरात्री उठण्याची तयारी. अंडी माणसाच्या झोपेची वेळ पाळत नाहीत.

या कामावरचा बाईंचा लेख १८९१ मध्ये, व्हिटमन यांनीच सुरू केलेल्या जर्नल ऑफ मॉर्फॉलॉजीत आला. निष्कर्ष सरळ होता: टोडफिशमध्ये पहिली चीर आणि भ्रूणाचा अक्ष यांचा काही ठरलेला संबंध नाही. कुठे जुळतो, कुठे जुळत नाही. त्याच वर्षी हान्स ड्रीश या जर्मन भ्रूणशास्त्रज्ञाने समुद्री अर्चिन या काटेरी, गोल प्राण्याच्या भ्रूणाच्या पहिल्या दोन पेशी हलवून वेगळ्या केल्या आणि प्रत्येकीतून लहान पण पूर्ण अळी वाढलेली पाहिली. दोन वर्षांनी टॉमस हंट मॉर्गन यांनाही दुसऱ्या माशांमध्ये असा ठरलेला संबंध सापडला नाही. रू यांचं सुबक चित्र सगळ्या प्राण्यांना लागू होत नाही, हे हळूहळू मान्य झालं.

‘संबंध नाही’ हा निष्कर्ष लिहिणं फार अवघड असतं. संबंध असणार असं मोठी माणसं म्हणत असताना, मुलींच्या सेमिनरीत, म्हणजे उच्च शिक्षणाच्या संस्थेत, शिकवणाऱ्या चाळिशीतल्या एका शिक्षिकेने आपल्या पहिल्याच संशोधनात, दिसलं तेवढंच लिहिलं. जुळलेली अंडी पुढे करून न जुळलेल्यांना ‘अपवाद’ म्हणता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. त्यांच्या शिक्षक असण्याचं मूळ मला इथे दिसतं.

त्यांचा जन्म १८४९चा, मॅसॅच्युसेट्समधल्याच माँटेग्यू गावचा. साउथ हॅडलीची माउंट होल्योक सेमिनरी मेरी लायन यांनी १८३७ मध्ये मुलींसाठी काढलेली. तिथे त्या शिकल्या, १८७१ मध्ये बाहेर पडल्या, वर्षभर पेनसिल्व्हेनियातल्या मुलांच्या शाळेत लॅटिन शिकवलं आणि परत माउंट होल्योकलाच रुजू झाल्या. सुरुवातीला गणित शिकवलं, व्यायामही शिकवला. प्राणिशास्त्र नंतर आलं, आणि ते कायमचं वळलं १८७४च्या उन्हाळ्यात.

बझर्ड्स बे उपसागरात पेनिकीझ नावाचं एक लहानसं, जवळजवळ झाडं नसलेलं बेट आहे. जॉन अँडरसन या व्यापाऱ्याने ते बेट आणि ५०,००० डॉलर हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ लुई अगासीझ यांना दिले, आणि १८७३ मध्ये तिथे शिक्षकांसाठी उन्हाळी शाळा सुरू झाली. ती संशोधकांसाठी नव्हती, शाळा-कॉलेजांत शिकवणाऱ्यांसाठी होती आणि स्त्रियांनाही खुली होती. अगासीझ यांचा आग्रह एकच: पुस्तक मिटा, प्राणी समोर घ्या. विद्यार्थ्याच्या हातात मासा देऊन, काय दिसतं ते सांग, एवढंच म्हणायचं, उत्तर आलं की आणखी बघ म्हणायचं, असं दिवसेंदिवस. माउंट होल्योकच्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षिका लिडिया शॅटक पहिल्या उन्हाळ्यात तिथे होत्या. क्लॅपबाई पोहोचल्या दुसऱ्या उन्हाळ्यात. तोवर अगासीझ गेले होते, १८७३च्या डिसेंबरात. त्यांचा मुलगा अलेक्झांडर शाळा चालवत होता आणि ती दोनच उन्हाळे टिकली. पण तिथून निघालेल्या शिक्षकांनी ती पद्धत गावोगाव नेली. वुड्स होलचे व्हिटमनही पेनिकीझचेच विद्यार्थी.

पेनिकीझनंतर बाईंनी जिथे दार उघडं दिसलं तिथे शिकून घेतलं. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला बॉस्टनला कोंबडीच्या भ्रूणाचा अभ्यास केला, विल्यम्स कॉलेजात गांडुळाचा. जॉन्स हॉपकिन्ससारखी विद्यापीठं तेव्हा स्त्रियांना पदवी देत नव्हती. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या त्या १८८६ मध्ये, आणि त्याही खास स्त्रियांसाठी काढलेल्या वैद्यकीय महाविद्यालयातून. तो काळ डोळ्यांसमोर आणला की वुड्स होलने पहिल्या दिवसापासून बायकांना सूक्ष्मदर्शकासमोर जागा दिली, याचं मोल कळतं. क्लॅपबाईंनी १८८९ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. तेवढ्यावर भागलं असतं. पण नवं, पूर्णवेळ संशोधनावर उभं असलेलं शिकागो विद्यापीठ निघालं तेव्हा रजा घेऊन तिथे गेल्या आणि १८९६ मध्ये दुसरी पीएच.डी. केली, वयाच्या ४७व्या वर्षी. विषय पुन्हा टोडफिश. या वेळी त्याच्या अंगावरची पार्श्वरेखा, म्हणजे पाण्याची हालचाल टिपणाऱ्या सूक्ष्म संवेदी अवयवांच्या ओळी.

त्यांनी छापलं थोडंच. बाकी आयुष्य वर्गात गेलं, आणि वर्ग समुद्रापासून दूर होता. साउथ हॅडलीत ना भरती ना खारा वारा. सागरी जीवशास्त्र अशा ठिकाणी शिकवायचं तर समुद्र डब्यांत आणि बाटल्यांत भरून न्यावा लागतो, आणि त्यात चुका कराव्या तेवढ्या थोड्या.

जिवंत खेकडे, गोगलगायी न्यायच्या तर बादलीभर पाण्यात नेऊ नयेत. पाण्यातला प्राणवायू तासा-दोन तासांत संपतो आणि सगळेच मरतात. ओल्या समुद्रशैवालाच्या थरांत, सावलीत, गार ठेवून नेले तर कल्ले ओले राहतात आणि हवेतला प्राणवायू मिळत राहतो. जतन करायचे नमुने आधी गोड्या पाण्यात अलगद धुऊन मग द्रवात टाकायचे. द्रव नमुन्याच्या आकारमानाच्या किमान दहापट हवा, आणि अल्कोहोल असेल तर २४ तासांनी बदलायचं, कारण शरीरातल्या पाण्याने ते पातळ होतं. एकदम कडक अल्कोहोलमध्ये टाकलं की प्राणी आकसतो, म्हणून पायऱ्यांनी चढवायचं, ५० टक्के, मग ७०. समुद्रफूल थेट द्रवात टाकलं तर ते शुंडक मिटून घेतं आणि हाती येतो नुसता गोळा. त्याला आधी गुंगी द्यावी लागते. लिटरभर गोड्या पाण्यात ७५ ग्रॅम स्फटिकरूप मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवून ते द्रावण समुद्राच्या पाण्यात हळूहळू, समप्रमाण होईपर्यंत मिसळायचं. शुंडकाला सुईने स्पर्श केल्यावर ते हललं नाही की मगच पुढची पायरी.

जिवंत अंडी वर्गात ठेवायची तर सर्वांत फसवा शत्रू म्हणजे बाष्पीभवन. बशीत २०० मिलिलिटर पाणी आहे, क्षारता हजारी ३२ आहे, आणि २० मिलिलिटर उडून गेलं, तर क्षारता साडेपस्तीसच्या वर जाते. मीठ उडत नाही, पाणी उडतं. मुलं प्रेमाने वरून समुद्राचं पाणी घालतात आणि खारटपणा आणखी वाढवतात. पहिल्या दिवशी पातळीची खूण करून ठेवायची आणि तिथपर्यंत गोडं पाणी थेंबाथेंबाने घालायचं. तांब्या-पितळेचं भांडं वापरायचं नाही; तांब्याचा अंशसुद्धा भ्रूणाला विष. जिवंत प्राण्यांची काचभांडी आणि जतनद्रवाची काचभांडी कायम वेगळी ठेवायची. फॉर्मलिनचा एकदा लागलेला वास साध्या धुण्याने जात नाही, आणि त्या बशीतली अंडी का मरताहेत हे आठवडाभर कळत नाही.

किनाऱ्यावर प्रत्यक्ष नेणं याला तरीही पर्याय नाही, आणि क्लॅपबाई दर उन्हाळ्यात आपल्या विद्यार्थिनींना वुड्स होलकडे धाडत राहिल्या. तिथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दोन फुटांचा. आपल्याकडे मुंबईला उधाणाच्या दिवशी तो पाच मीटरपर्यंत जातो. किनारा आपला जास्त श्रीमंत आहे, पण घड्याळ जास्त आडमुठं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशोब. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारच्या आसपास, आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. पाणी सर्वांत दूर जातं ते याच दिवसांत. सप्तमी-अष्टमीला ओहोटी दुपारी, शाळा-कॉलेजच्या सोयीची, पण ती भांगाची. पाणी खाली जातच नाही. दुपारी काढलेल्या सहलींना शेवाळ आणि रिकामे शिंपले यांपलीकडे फारसं काही दिसत नाही, त्याचं कारण हे. मुलांना पहाटे उठवावं लागतं. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पाण्यामागून उतरायला सुरुवात करायची आणि पाणी फिरलं की आपणही फिरायचं. प्रवाळाला हात लावायचा नाही. त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

वुड्स होलमध्ये बाई केवळ पाहुण्या राहिल्या नाहीत. १८९३ ते १९०७ त्यांनी तिथलं ग्रंथालय सांभाळलं, आणि १९१० मध्ये त्या प्रयोगशाळेच्या विश्वस्त झाल्या. १९०६ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांची पहिली मोठी सूची निघाली. तिच्या नावात ‘मेन’, म्हणजे पुरुष, हा शब्द होता, आणि त्यातल्या अग्रगण्य प्राणिशास्त्रज्ञांच्या तारांकित नावांत क्लॅपबाईंचं नाव होतं. माउंट होल्योकमध्ये १९०४ पासून त्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. त्यांच्या हाताखाली आलेल्या ॲन हेवन मॉर्गन १९१६ मध्ये, बाई निवृत्त झाल्या तेव्हा, विभागप्रमुख झाल्या आणि पुढे तीस वर्षं त्यांनी विद्यार्थिनींना ओढ्या-तळ्यांतल्या पाण्यात उतरवलं.

निवृत्तीच्या पुढच्याच वर्षी, १९१७च्या डिसेंबरात, माउंट होल्योकची विलिस्टन हॉल ही विज्ञानाची इमारत जळाली. चार दशकं जमवलेले नमुने, बरण्या, सांगाडे, सगळं गेलं. अल्कोहोलच्या बरण्यांनी भरलेलं संग्रहालय किती झपाट्याने पेटतं, ते कुठल्याही प्रयोगशाळेच्या माणसाला सांगावं लागत नाही. सत्तरीकडे झुकलेल्या बाई नव्या इमारतीसाठी पैसे उभे करण्याच्या कामाला लागल्या. १९२०च्या दशकात ती उभी राहिली आणि त्यांच्या हयातीतच तिला त्यांचं नाव दिलं गेलं. ३१ डिसेंबर १९३४ रोजी फ्लोरिडातल्या माउंट डोरा इथे त्या वारल्या.

टोडफिशचं काम संपलेलं नाही. त्याच्या मूत्रपिंडात रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छच नसतात, म्हणून मूत्रपिंडाच्या नलिका पदार्थ थेट बाहेर टाकू शकतात का, हे तपासायला तो उपयोगी पडला. पार्श्वरेखेतल्या संवेदी पेशी आणि आपल्या आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या पेशी एकाच घराण्यातल्या, रोमपेशी. १९९८ मध्ये कोलंबिया अवकाशयानाच्या न्यूरोलॅब मोहिमेत आणि त्याच वर्षी डिस्कव्हरीवर टोडफिश अंतराळात गेले, कानाच्या चेतातंतूंमध्ये इलेक्ट्रोड बसवून. गुरुत्वाकर्षण नसताना कान काय करतो, हे पाहायचं होतं. परतल्यावर पहिल्या दिवशी ते चेतातंतू नेहमीपेक्षा कितीतरी जास्त संवेदनशील झालेले आढळले, आणि सुमारे ३० तासांत पुन्हा पूर्वीसारखे.